योएन्सू कुठं आहे, तिथला कारभार कोणाचा आणि माणसं कशी?

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: मुलीला पूर्व फिनलंड विद्यापीठात वनशास्त्राच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय, गाव योएन्सू. नकाशा उघडलात तर रशिया अगदी शेजारी. 'करेलिया' शोधलंत तर कुठं रशियातलं प्रजासत्ताक निघतं, कुठं फिनलंडमधला प्रदेश. मग ही जागा नेमकी कोणाची, तिथला कारभार कोण बघतं, आणि लोक कसे, देवधर्म काय, खायचं काय? मी अठरा वर्षं याच भागात जंगलांच्या मोजणीचं काम करतोय. सरकारी कचेऱ्यांशी रोजचा संबंध येतो आणि खेड्यांतून खूप हिंडणं होतं. म्हणून जरा पसरून लिहितो.

आधी नावाचा गुंता सोडवू. करेलिया हे एका मोठ्या, जुन्या भूभागाचं नाव आहे आणि आज त्याचे तुकडे वेगवेगळ्या हातांत आहेत. रशियात पेत्रोझावोद्स्क राजधानी असलेलं करेलिया प्रजासत्ताक आहे. फिनलंडमध्ये दोन प्रदेश आहेत: लाप्पेएन्रान्ता शहराभोवतीचा दक्षिण करेलिया आणि योएन्सूभोवतीचा उत्तर करेलिया, फिनिश नाव 'पोह्योइस-कार्याला'. शिवाय जुन्या माणसांच्या तोंडी आणखी एक करेलिया येतो, 'गेलेला करेलिया'. वीपुरी, सोर्तावाला ही गावं, लादोगा सरोवराचा काठ, हे सगळं दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाकडे गेलं. तुमची मुलगी जाणार आहे ती पोह्योइस-कार्यालात. हा भाग निःसंशय फिनलंडचा, म्हणजेच युरोपीय संघाचाही. किंबहुना युरोपीय संघाच्या मुख्य भूमीचं सर्वांत पूर्वेकडचं टोक याच प्रदेशात, इलोमान्त्सी तालुक्यातल्या विर्मायॅर्वी तळ्यापाशी आहे.

सीमेची काळजी वाटणं स्वाभाविक आहे, म्हणून तेही आधीच सांगतो. फिनलंड-रशिया सीमा सुमारे १३४० किलोमीटर लांब आहे, त्यातली साधारण ३०० किलोमीटर या प्रदेशाच्या वाट्याला येते. योएन्सूपासून जवळचं नाकं म्हणजे तोह्मायॅर्वी तालुक्यातलं नीराला, सुमारे ७० किलोमीटरवर. २०२३ च्या डिसेंबरपासून फिनलंडने पूर्वेकडची सगळी प्रवासी नाकी बंद ठेवली आहेत. शहरात राहणाऱ्याला सीमा रोज जाणवत नाही. पण वनशास्त्राच्या विद्यार्थ्याने एक नियम पहिल्या दिवशीच पाठ करावा. सीमेलगत जमिनीवर जास्तीत जास्त ३ किलोमीटर रुंदीचा सीमापट्टा असतो आणि सीमा-रक्षक दलाच्या परवान्याशिवाय त्यात पाऊल टाकता येत नाही. पिवळ्या पाट्या आणि झाडांवरच्या पिवळ्या खुणा दिसल्या की मागे फिरायचं. ब्लूबेरी वेचता वेचता माणूस किती पुढे जातो हे त्याचं त्याला कळत नाही, म्हणून बजावतोय.

आता भूगोल. क्षेत्रफळाने हा प्रदेश आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडा मोठा आहे. अहिल्यानगरमध्ये २०११ च्या जनगणनेत ४५ लाख माणसं होती, इथे आहेत जेमतेम १ लाख ६० हजार. त्यातली निम्मी एकट्या योएन्सूत. बाकी सगळं जंगल, तळी आणि दलदल. योएन्सू म्हणजेच 'नदीचं मुख'. पिएलिसयोकी नदी जिथे सायमा सरोवराच्या साखळीला मिळते तिथे रशियाचा झार पहिला निकोलस याने १८४८ मध्ये हे गाव वसवलं, कारण त्या काळी फिनलंड त्याच्या साम्राज्यात होतं. पुढे १८५६ मध्ये सायमा कालवा खुला झाला आणि इथलं लाकूड थेट समुद्रापर्यंत जाऊ लागलं. गावाची पहिली भरभराट त्या लाकडावर झाली.

या प्रदेशाचा स्वभाव कळायला एक शब्द पुरतो: 'वारा'. आपला वारा नव्हे. फिनिशमध्ये वारा म्हणजे झाडीने झाकलेली लांबट टेकडी. हिमयुगातल्या बर्फाने घासून गोल केलेल्या अशा टेकड्या इथे सगळीकडे आहेत आणि जुनी वस्ती त्यांच्या माथ्यावर आहे, खालच्या खोलगटात नाही. मी पहिल्यांदा आलो तेव्हा हे उलटंच वाटलं. आपल्याकडे वाडी पाण्याजवळ, उताराच्या कुशीत असते. इथे कारण आहे पिकावर गोठणारं दव. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून घरंगळत खोलगट भागात साचते आणि ऑगस्टमध्येच उभं पीक करपवते. माथ्यावरची राय, म्हणजे गव्हासारखं एक धान्य, मात्र वाचते. म्हणून शेत वर, घर वर, देऊळही वर. हात्तुवारा, पार्प्पेइन्वारा अशी ठिकाणांची नावं त्यातूनच आलेली आहेत.

सर्वांत नावाजलेली टेकडी कोली. तिचा उक्को-कोली हा सुळका समुद्रसपाटीपासून ३४७ मीटर उंच. सह्याद्री पाहिलेल्याला ही उंची काहीच वाटणार नाही. पण पायथ्याशी पिएलिनेन हे फिनलंडमधलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर आहे आणि त्याच्या पाण्यापासून हा पांढरट गारगोटीचा खडक सरळ अडीचशे मीटर वर येतो. हा खडक सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वीच्या पर्वतरांगेचं उरलेलं मूळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एरो यॅर्नेफेल्ट आणि पेक्का हालोनेन यांच्यासारखे चित्रकार इथे येऊन राहिले. संगीतकार जान सिबेलियस १९०९ मध्ये यॅर्नेफेल्टबरोबर इथे आला आणि आपली चौथी सिंफनी त्याने यॅर्नेफेल्टलाच अर्पण केली. 'फिनलंड दिसतो कसा' याचं जे चित्र त्या देशाच्या मनात आहे, ते बऱ्याच अंशी या माथ्यावरून काढलेलं आहे. १९९१ पासून कोली राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे अजून दरवर्षी एखादा तुकडा मुद्दाम तोडून, जाळून त्या राखेत राय पेरतात. ही जुनी 'कास्की' शेती. आपल्याकडे कोकणात राब भाजतात किंवा पूर्वी कुमरी करत, त्याच जातीची. मुलीला कोकणचा राब माहीत असेल तर कास्कीचा धडा तिला पटकन उमजेल.

मात्र हा प्रदेश खरा समजतो तो सीमेवरून, आणि हे मी जितक्या वेळा सांगेन तितकं कमीच. १३२३ मध्ये स्वीडन आणि नोव्गोरोद हे तेव्हाचं रशियन राज्य यांच्यात तह झाला आणि आजच्या पोह्योइस-कार्यालाचा बहुतेक भाग नोव्गोरोदच्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूला राहिला. त्यामुळे इथे ख्रिस्ती धर्म पूर्वेकडून, ऑर्थोडॉक्स म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या रूपात आला. १६१७ मध्ये स्तोल्बोवाच्या तहाने हा मुलूख स्वीडनने घेतला आणि त्यांच्याबरोबर लुथरन हा प्रोटेस्टंट पंथ आणि जबर कर आले. हजारो ऑर्थोडॉक्स करेलियन कुटुंबं सीमा ओलांडून पार मॉस्कोच्या वरच्या त्वेर भागात निघून गेली. त्यांच्या रिकाम्या जमिनींवर पश्चिमेच्या साव्हो भागातले लुथरन शेतकरी येऊन बसले. १८०९ मध्ये सगळं फिनलंडच रशियन साम्राज्यात गेलं, १९१७ मध्ये स्वतंत्र झालं, आणि मग १९३९ ते १९४४ च्या युद्धांत सीमा पुन्हा हलली. गेलेल्या मुलखातून चार लाखांहून अधिक माणसं उठून आली. १९४० मध्ये एकदा निघाली, त्यांतली बरीच मध्ये घरी परतली आणि १९४४ मध्ये पुन्हा कायमची निघाली. फाळणीच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच की इथे सरकारने १९४५ मध्ये कायदा करून या कुटुंबांना उर्वरित देशात जमिनी दिल्या आणि निर्वासितांची छावणी कायमची राहिली नाही. आजही एखाद्या म्हाताऱ्या बाईशी कॉफी प्यायला बसलं की तिसऱ्या वाक्यात आईच्या गेलेल्या गावाचं नाव येतं.

करेलियाचं राजचिन्ह सोळाव्या शतकातलं आहे: चिलखतातले दोन हात एकमेकांवर शस्त्र उगारून. पश्चिमेच्या हातात सरळ तलवार, पूर्वेच्या हातात वाकडी. लढणाऱ्यांनी काढलेलं ते चित्र आहे. राहणाऱ्यांचं चित्र बघायचं असेल तर योएन्सूच्या किर्क्कोकातू रस्त्यावर जावं. किर्क्कोकातू म्हणजे चर्चचा रस्ता. त्याच्या एका टोकाला लाल विटांचं लुथरन चर्च, १९०३ चं. दुसऱ्या टोकाला लाकडी ऑर्थोडॉक्स चर्च, संत निकोलसाचं, १८८७ चं. दोन्ही समोरासमोर. फिनलंडमध्ये ऑर्थोडॉक्स लोक एकूण लोकसंख्येच्या सुमारे एक टक्काच आहेत, पण इथे, विशेषतः इलोमान्त्सीत, त्यांचं प्रमाण बरंच जास्त आहे. फिनलंडचं ऑर्थोडॉक्स चर्च १९२३ पासून मॉस्कोशी नव्हे तर कॉन्स्टँटिनोपलशी जोडलेलं आहे आणि इस्टर ते पश्चिमेच्या पंचांगाने पाळतं, जे ऑर्थोडॉक्स जगात फारच विरळा. म्हणून या गावात दोन्ही चर्चांचा इस्टर एकाच दिवशी येतो. विद्यापीठातही दोन्ही पंथांचं धर्मशास्त्र एकाच ठिकाणी शिकवलं जातं.

खेड्यांत छोटी लाकडी प्रार्थनाघरं असतात, त्यांना 'तसासोउना' म्हणतात. प्रत्येकाचा आपला संत आणि संताच्या दिवशी 'प्रास्निएक्का'. इलोमान्त्सीत २० जुलैला संत एलियाचा प्रास्निएक्का भरतो: मिरवणूक, पाण्याला आशीर्वाद, मग पंगत. दूरदेशी गेलेली लेकरं त्या दिवसासाठी गावी येतात. आपल्या गावजत्रेला चाकरमानी येतो ना, तोच जीव त्यात असतो. मुलीला बोलावणं आलं तर तिने जरूर जावं.

लोकगीतांचं ऋणही याच भागाचं. एलियास ल्योन्रोट याने लोकगीतं गोळा करून १८३५ मध्ये 'कालेवाला' हे फिनलंडचं महाकाव्य प्रसिद्ध केलं. त्यासाठीच्या १८२८ मधल्या पहिल्या फेरीतच केसालाह्ती गावच्या युहाना काइनुलाइनेन या शेतकऱ्याने त्याला गाणी सांगितली. १८३८ मध्ये इलोमान्त्सीत त्याला मातेली कुइवालातार ही बाई भेटली. तिच्या ओव्यांसारख्या गाण्यांतला मोठा ठेवा १८४० च्या 'कान्तेलेतार' या त्याच्या गीतसंग्रहात आहे. आपल्या जात्यावरच्या ओव्या जशा बायकांनी जपल्या, तशीच ही गोष्ट. बोलीही ऐकण्यासारखी आहे. 'मी' म्हणायला पुस्तकी फिनिशमध्ये 'मिनॅ', इथे 'मिए'. मुलीने वर्गात 'मिनॅ' शिकावं आणि बाजारात 'मिए' म्हणून बघावं, लोकांचे चेहरे खुलतात. करेलियन ही मात्र स्वतंत्र भाषा आहे, बोली नव्हे. ती बोलणारे आता थोडे उरलेत आणि विद्यापीठात तिचा अभ्यास होतो.

आता कारभार. इथे आपल्या लोकांची हमखास गल्लत होते, कारण आपण डोक्यात राज्य, जिल्हा, कलेक्टर घेऊन येतो. फिनलंडमध्ये १९ प्रदेश आहेत, त्यांना 'माआकुन्ता' म्हणतात. स्वायत्त ऑलंड बेटं सोडली तर एकाही प्रदेशाला स्वतःचं विधिमंडळ नाही, मुख्यमंत्री नाही. प्रदेशाचा जो संघ असतो तो नगरपालिकांनी मिळून चालवलेली संस्था असते. विकासाचा आराखडा, जमीन-वापराचं नियोजन, युरोपीय निधी ही त्याची कामं. पूर्वी राज्यपाल असलेला 'लॅनी', म्हणजे प्रांत, होता. पोह्योइस-कार्यालाचा स्वतःचा लॅनी १९६० ते १९९७ पर्यंत होता, मग तो पूर्व फिनलंडच्या मोठ्या लॅनीत विरघळला आणि २००९ अखेर लॅनी ही रचनाच संपली.

खरी सत्ता तळाशी, 'कुन्ता'त आहे. कुन्ता म्हणजे नगरपालिका म्हणा, पण तिच्यात शहर आणि खेडी दोन्ही येतात. या प्रदेशात १३ कुन्ता आहेत. शाळा, पाळणाघर, वाचनालय, पाणी, रस्त्यांवरचा बर्फ हटवणं, बांधकामाचे परवाने हे सगळं तिथे. २०२५ पासून बेरोजगारांसाठीची रोजगार सेवाही त्यांच्याकडे आली. गावं रिकामी होत गेली तशा कुन्ता एकमेकींत मिसळल्या: एनो आणि प्युहॅसेल्कॅ २००९ मध्ये योएन्सूत गेल्या, केसालाह्ती २०१३ मध्ये कितेएत, वाल्तिमो २०२० मध्ये नुर्मेसमध्ये. उलट २०२१ मध्ये हेइनॅवेसी कुन्ता शेजारच्या प्रदेशातून इकडे आली. हा निर्णय कागदावरचा असला तरी त्याने फिनलंडमधले दोन्ही ऑर्थोडॉक्स मठ पोह्योइस-कार्यालात आणले: १९४० मध्ये लादोगातल्या बेटावरून उठून आलेल्या भिक्षूंचा नवा वालामो आणि जोगिणींचा लिन्तुला. मला तो दिवस आठवतो. कितीतरी वयस्कर लोक म्हणत होते, आता नकाशा बरोबर झाला.

२०२३ च्या १ जानेवारीपासून तिसरी गोष्ट आली, 'कल्याण-क्षेत्र'. दवाखाने, समाजसेवा आणि अग्निशमन नगरपालिकांकडून काढून अशा २१ क्षेत्रांकडे दिलं. हेलसिंकी तेवढं स्वतःचं स्वतः बघतं. क्षेत्राची परिषद लोक निवडून देतात, पण तिला कर लावायचा अधिकार नाही, पैसा केंद्राकडून येतो. इथल्या क्षेत्राचं रोजचं नाव 'सिउन सोते'. 'सोते' म्हणजे समाज व आरोग्य आणि 'सिउन' म्हणजे 'तुझं', तेही स्थानिक बोलीत. पुस्तकी भाषेत ते 'सिनुन' झालं असतं. कचेरीने आपलं नाव बोलीत ठेवावं, हे मला फार आवडतं. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी मात्र आरोग्यसेवा वेगळी आहे, देशभरची विद्यार्थी आरोग्य संस्था ती देते. मुलीने साध्या आजारासाठी आधी तिकडेच जावं. आणखी एक: युरोपीय संघाबाहेरच्या माणसालाही फिनलंडमध्ये पत्ता नोंदवून दोन वर्षं झाली की कुन्ता आणि कल्याण-क्षेत्र यांच्या निवडणुकीत मत देता येतं. म्हणून राहण्याची नोंदणी तिने आल्या आल्या करून टाकावी.

आरोग्यावरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५९ मध्ये इलोमान्त्सीच्या पुरुषांची हृदयरोगासाठी तपासणी झाली. वेगवेगळ्या देशांत चाललेल्या एका अभ्यासाचा तो भाग होता. जंगलात दिवसभर राबणारी ही धट्टीकट्टी माणसं त्या सगळ्या गटांत हृदयविकाराने सर्वाधिक मरत होती. लोणी, सायीचं दूध, मीठ, सिगारेट, आणि ताटात भाजी नावाला. १९७१ मध्ये इथल्या लोकांनी राज्यपालांमार्फत सरकारकडे मागणी नेली की आमच्यासाठी काहीतरी करा. १९७२ मध्ये प्रकल्प सुरू झाला आणि त्याचा प्रमुख होता पेक्का पुस्का हा तिशीही न गाठलेला डॉक्टर. त्याने औषधांपेक्षा स्वयंपाकघर धरलं. मार्ता या गृहिणींच्या संघटनेने गावोगाव जेवणावळी घातल्या आणि नेहमीच्याच पदार्थांत चरबी कमी, भाजी जास्त करून वाढली. दुधाचा धंदा करणाऱ्यांना बेरीच्या लागवडीकडे वळवलं. पुढे गावागावांत कोलेस्टेरॉल कमी करायच्या चढाओढीही लागल्या. प्रकल्प १९९७ पर्यंत चालला. सुमारे चार दशकांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. जगभरचे आरोग्य-कार्यकर्ते अजून योएन्सूचं नाव घेतात ते यासाठी, आणि माझ्या मते या प्रदेशाने जगाला दिलेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे.

पोटापाण्याचं म्हणाल तर लाकूड आजही पहिलं. देशातलं निम्म्याहून जास्त जंगल साध्या कुटुंबांच्या मालकीचं आहे. शिक्षिका, बसचालक, निवृत्त परिचारिका, कोणाचंही वडिलोपार्जित वीस-तीस हेक्टर जंगल असू शकतं. मुलीला प्रत्यक्ष कामात हीच माणसं भेटतील. युरोपीय वनसंस्थेचं मुख्यालय १९९३ पासून योएन्सूतच आहे आणि २०१९ पासून १४ मजल्यांची लाकडी इमारत उभी आहे, तीही विद्यार्थ्यांच्या घरांसाठी. खाणीचा इतिहास ओउतोकुम्पुत: १९१० मध्ये तांबं सापडलं, १९८९ मध्ये खाण बंद झाली. त्या नावाची पोलाद कंपनी आज जगभर आहे, गाव मात्र लहानसंच.

हवामानाबद्दल इतकंच: डिसेंबरात दिवस जेमतेम पाच तासांचा, जूनमध्ये वीस तासांचा. थंडीचे कपडे तिने तिथेच घ्यावेत. अंधाराची सवय व्हायला थंडीपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून पहिल्या नोव्हेंबरात रोज फोन करत जा.

आणि शाकाहाराचा प्रश्न. इथला रोजचा पदार्थ म्हणजे कार्यालान्पीराक्का. रायच्या पिठाची अगदी पातळ पारी, आत दुधात शिजवलेल्या तांदळाची खीर, पण बिनसाखरेची, आणि कडा चिमटीने दुमडलेल्या, करंजीला मुरड घालतात तशा. पूर्वी आत सातूची लापशी असायची, तांदूळ नंतर आला. वर लोणी आणि उकडलेलं अंडं कालवून लावतात. अंडं चालत नसेल तर 'इल्मान मुनावोइता' म्हणायचं, म्हणजे अंडं-लोण्याशिवाय. कार्यालान्पाइस्ती मात्र मांसाचा रस्सा आहे, नुसत्या नावावरून फसू नये. शनिवारी सकाळी योएन्सूच्या बाजार-चौकात पीराक्का गरम मिळतो. मुरड घालता येणारी मुलगी असेल तर तिथल्या आज्या तिला लगेच शेजारी बसवून घेतील.